पडद्यावरचा व्यापार आणि समोरासमोरची भेट

ज्याचे दुकान मोबाईलच्या पडद्यावर आहे, ज्याने आपले गिऱ्हाईक कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही आणि ज्याला धंद्याची हवी ती माहिती घरबसल्या मिळू शकते, अशा माणसाने पदरचे पैसे खर्चून, दोन दिवस काम बंद ठेवून परगावच्या परिषदेला का जावे? वरवर पाहता हा खर्च अनाठायी वाटतो. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रश्न विचार करण्याजोगा वाटला. आपल्यापैकी कितीतरी विद्यार्थी आज पदवी हाती पडण्याआधीच घरून काही ना काही विकू लागले आहेत. ज्यांना नोकरीची वाट पाहणे परवडत नाही, त्यांच्या दृष्टीने प्रवासाचे हजार-दोन हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. ती खर्चावी की राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्यवसायाचे स्वरूप

आंतरजालावरील विक्रीचे स्थूलमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, स्वतःचा माल स्वतः विकणे. दुसरा, दुसऱ्याच्या मालाची शिफारस करून त्यावर कमिशन मिळवणे. ॲमेझॉन कंपनीने १९९६ साली 'असोसिएट्स' ही योजना सुरू केली, ती याच जातीची. एखाद्याने आपल्या पानावर पुस्तकाविषयी लिहावे, वाचकाने तेथील दुव्यावरून ते विकत घ्यावे आणि लिहिणाऱ्याला विक्रीचा काही हिस्सा मिळावा, असा हा व्यवहार. तिसरा प्रकार म्हणजे इतरांच्या दुकानाकडे गिऱ्हाईक वळवून देणे. गूगलवर शोध घेणाऱ्याला आपल्या अशिलाचे पान आधी दिसावे, यासाठी खटपट करणारे लोक या वर्गात मोडतात.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. हा व्यापारी बहुधा एकटा असतो आणि त्याच्या बाजाराचे नियम दुसरेच कोणी ठरवीत असते. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने आपल्या शोधपद्धतीत 'पांडा' नावाने ओळखला जाणारा बदल केला. कंपनीनेच सांगितल्याप्रमाणे अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. काल पहिल्या पानावर असलेले दुकान आज दिसेनासे झाले, तर घरात एकट्या बसलेल्या माणसाला चूक आपली की बदल सगळ्यांसाठीच झाला, हेही चटकन कळत नाही. पेठेतल्या दुकानदाराला शेजारच्या दुकानातील गर्दी निदान दिसते तरी. पडद्यावरच्या दुकानदाराला शेजारच नसतो. हीच त्याची खरी उणीव होय.

परिषदा कशा जन्मल्या

ही उणीव या धंद्यातील लोकांना फार लवकर जाणवली. शोधयंत्रांचे अभ्यासक डॅनी सलिव्हन यांनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'सर्च इंजिन स्ट्रॅटेजीज' ही परिषद भरवली. कमिशनवर विक्री करणाऱ्यांसाठी मिसी वॉर्ड आणि शॉन कॉलिन्स यांनी २००३ मध्ये 'ॲफिलिएट समिट' सुरू केली. 'पबकॉन' या परिषदेचे तर नावच ती मद्यालयातील गप्पांतून उगवल्याचे सांगते. इंग्लंडमधील 'ब्रायटन एसईओ' हीदेखील अशाच एका मद्यालयाच्या वरच्या खोलीत सुरू झाली आणि पुढे तिला हजारो लोक जमू लागले. 'वर्डप्रेस' या प्रणालीवर काम करणाऱ्यांचे 'वर्डकॅम्प' २००६ मध्ये प्रथम सॅन फ्रान्सिस्कोत भरले. असे मेळावे पुढे मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूर येथेही झाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्यांचे सारे आयुष्य पडद्यावर चालते, त्यांनीच या भेटीगाठी निर्माण केल्या.

प्रत्यक्ष भेटीचे तीन लाभ

पहिला लाभ दूरच्या ओळखींचा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. बॉस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्याने ही खबर दिली तो माणूस तुम्हाला त्या काळात कितीदा भेटत असे? 'वारंवार' असे सांगणारे १६.७ टक्के, 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ टक्के आणि 'क्वचित' म्हणणारे २७.८ टक्के निघाले. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दूरच्या वर्तुळातून. पडद्यावर आपण जे शोधतो तेच सापडते, आणि आपल्या आवडीनुसारच पुढचे दाखवले जाते. परिषदेत मात्र शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसेल ते आपण निवडलेले नसते.

दुसरा लाभ अलिखित ज्ञानाचा. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की माणसाला जेवढे कळते तेवढे सगळे त्याला शब्दांत मांडता येत नाही. धंद्याच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. पुष्कळ गोष्टी सांगता येतात, पण त्या लिहिण्याइतक्या मोठ्या आहेत असे कोणाला वाटत नाही. माझा थोरला भाऊ मोबाईलवरून कोल्हापुरी चपला विकतो. माप चुकल्यामुळे दहातले दोन-तीन जोड परत येत आणि जाण्यायेण्याचा खर्च त्याच्या अंगावर पडे. पुण्यातील एका मेळाव्यात दिवसभर मोठमोठी व्याख्याने झाली, त्यांत या अडचणीचा उल्लेखही नव्हता. परंतु जेवणाच्या वेळी लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या नाशिकच्या एक बाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, नंबर विचारत बसू नका. कागदावर पाऊल ठेवायला सांगा, पेन्सिलीने कड काढायला सांगा आणि लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा. मी तर घरातला नीट बसणारा फ्रॉकच मोजायला लावते." भावाने तसे केले, आणि परत येणारे जोड निम्म्याहून कमी झाले. ही युक्ती काही गुपित नव्हती. पण ती विचारावी कोणाला, हेच त्याला आजवर माहीत नव्हते.

तिसरा लाभ विश्वासाचा. कमिशनच्या धंद्यात काम आधी आणि पैसे मागाहून असतात. माल विकणाऱ्याला भीती, की हा खोटी गिऱ्हाइके तर दाखवणार नाही ना? शिफारस करणाऱ्याला भीती, की हा कमिशन बुडवणार तर नाही ना? म्हणून 'ॲफिलिएट समिट'मध्ये 'मीट मार्केट' नावाचा खास भाग असतो. व्यापारी ओळीने टेबले मांडून बसतात आणि शिफारस करणारे त्यांच्यासमोर येऊन बोलणी करतात. आठवडी बाजार पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे दृश्य मुळीच परके वाटू नये.

याला पुरावा काय?

कोणी म्हणेल, की हे सारे अनुभवाचे बोल झाले. भेटीचा परिणाम मोजता येतो काय? एका वादळाने ती संधी दिली. अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेचे २०१२ चे वार्षिक अधिवेशन न्यू ऑर्लिन्स येथे व्हावयाचे होते. कार्यक्रम ठरला होता. परंतु ऐन वेळी 'आयझॅक' चक्रीवादळ आले आणि अधिवेशन रद्द झाले. कँपोस, लिऑन आणि मॅक्विलिन या संशोधकांनी पुढील वर्षांतील लेखनाचा मागोवा घेतला, तेव्हा जे तेथे भेटणार होते त्यांनी एकमेकांबरोबर लेखन करण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. प्राध्यापक म्हणजे व्यापारी नव्हेत हे खरे. तथापि निबंध छापून उपलब्ध होऊ शकत असतानाही भेट हुकल्याने जे हुकले, ते विचार करावयास लावणारे आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रक्स आणि लेव्हाव यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दृक्‌श्राव्य संभाषण करणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा कमी नव्या कल्पना सुचल्या. परंतु सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्यात त्या मागे पडल्या नाहीत. म्हणजे पडदा निरुपयोगी नाही. ठरलेले काम तेथे उत्तम होते. न ठरलेले सुचण्यासाठी मात्र भेट हवी.

काही सावधगिरी

सर्वच परिषदा जाण्याच्या लायकीच्या नसतात. जेथे व्यासपीठावरून झटपट श्रीमंतीच्या कथा सांगितल्या जातात आणि शेवटी महागडा अभ्यासक्रम गळ्यात मारला जातो, ती परिषद नव्हे, ते विक्रीचे दुकान होय. वक्ते स्वतः काय काम करतात, श्रोत्यांना आपसांत बोलण्यास वेळ ठेवला आहे काय, हे आधी पाहावे. पहिली परिषद जवळच्या शहरातील आणि अल्प शुल्काची निवडावी. जाताना आपली एक नेमकी अडचण वहीत लिहून न्यावी आणि ती निदान दहा जणांना विचारावी. व्याख्याने मागाहून ऐकता येतात. चहाची सुट्टी मागाहून मिळत नाही. परतल्यावर आठवड्याच्या आत भेटलेल्यांशी पत्रव्यवहार करावा, नाही तर ओळख विरून जाते.

१८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकार एकत्र जमले. ग्रंथ तर छापून सर्वत्र जात होते, तरीही ग्रंथकारांना भेटावेसे वाटले. लेखन हा जसा एकट्याने करावयाचा उद्योग, तसाच पडद्यावरचा व्यापारही. म्हणून माझे मत असे, की ज्याचा धंदा जितका एकट्याचा, त्याला अशा भेटीची गरज तितकी अधिक. आपल्यापैकी ज्यांनी हा मार्ग धरला आहे, त्यांनी वर्षाच्या कमाईतून एका प्रवासापुरते पैसे बाजूला काढावेत. ती उधळपट्टी नसून भांडवलातील गुंतवणूकच आहे.