कलमाची कमाई : मजुरी कोणती आणि माल कोणता?

आपल्या समाजात मुलगा दुकानावर बसला, लूमवर गेला किंवा गॅरेजात हाताला काळे लावून आला तर त्याला रोजी लागली असे आपण म्हणतो. घरात बसून लिहिणाऱ्याला मात्र आपण बेकार समजतो. आमचेही तेच मत होते. आमच्या भाच्याने तासिका तत्त्वावरची शिक्षकाची नोकरी सोडली आणि "मामू, मी आता अनुवाद आणि लेखन करूनच घर चालवणार," असे सांगितले, तेव्हा आम्ही त्याला चांगलेच झापले. आपा तर आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

मुलगा दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, पुढे मराठीतून पदवी घेतली, हिंदी तर आपल्या बाजाराचीच भाषा आहे. तीन भाषा आणि दोन लिप्या हातात असलेला कारागीर सहज मिळत नाही. काम त्याला लगेच मिळाले. मुंबईच्या एका कंपनीने माहितीपुस्तिकांचा अनुवाद दिला, शब्दाला ६० पैसे. त्याने ६२ हजार शब्द करून पाठवले. हिशेब झाला ३७,२०० रुपये. कंपनीने आधी महिनाभर थांबायला सांगितले, मग साहेब बदलले, मग फोन उचलणे बंद. शेवटी तो आमच्या पेढीवर आला. आम्ही पहिला प्रश्न विचारला, "ऑर्डरचा कागद कुठे आहे?" कागद नव्हता. बिलसुद्धा केलेले नव्हते.

तेव्हा आमच्या लक्षात आले की पोरगा लेखक म्हणून चुकला नव्हता, तो व्यापारी म्हणून चुकला होता. आणि व्यापार तर आम्हाला शिकवता येतो.

आमच्या मालेगावात लूम दोन प्रकारे चालतात. एकाला शेठ सूत देतो, तो कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. बाजार पडला तरी त्याची मजुरी पक्की, पण बाजार चढला तरी त्याला जास्तीचा पैसा नाही. दुसरा स्वतः सूत घेतो, स्वतःचा ताका विकतो. नफा त्याचा, तोटाही त्याचा. लिहिण्याच्या धंद्यातही हेच दोन रस्ते आहेत. अनुवाद, जाहिरातीचा मजकूर, दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले भाषण ही मजुरी. स्वतःचे पुस्तक, कथा, गीत, मालिकेची कल्पना हा स्वतःचा माल. नवीन माणसाने चूल मजुरीवर पेटती ठेवावी आणि रोजचा एखादा तास स्वतःच्या मालाला द्यावा. फक्त मालावर बसणारे बहुतेक जण वर्षभरात उठतात. आणि फक्त मजुरी करणारा म्हातारपणीही मजूरच राहतो, हे आम्ही लूमवर रोज पाहतो.

स्वतःचा माल म्हणजे काय, हे इब्ने सफी यांच्याकडे पाहून समजते. आमच्या शाळेच्या दिवसांत त्यांच्या कादंबऱ्या भाड्याने मिळत. उशीर झाला की दंड. असरार अहमद हे त्यांचे मूळ नाव. अलाहाबादेत ते शाळेत शिकवत. मार्च १९५२ मध्ये 'जासूसी दुनिया'चा पहिला अंक निघाला, त्याच वर्षी ते कराचीला गेले आणि १९५५ मध्ये 'इमरान सीरिज' सुरू केली. कराचीत स्वतःचे प्रकाशन काढले आणि अलाहाबादची आवृत्तीही चालू राहिली. एकच माल दोन बाजारांत. १९६० ते १९६३ ते गंभीर आजारी होते, लेखन बंद. त्या काळात मिळत्याजुळत्या नावांच्या नकली कादंबऱ्यांचा सुळसुळाट झाला. १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' आली आणि लगेच दुसरी आवृत्ती काढावी लागली. १९८० मध्ये इंतकाल होईपर्यंत दोन्ही मालिका मिळून सुमारे अडीचशे पुस्तके झाली. कापडवाल्याने यात प्रतिभेबरोबर दुसरेही काही पाहावे. पुरवठा नियमित होता आणि छाप ओळखीची होती. गिऱ्हाईक तीन वर्षे थांबले ते त्या छापेसाठी.

आता भावाचे बोलू, कारण इथेच आपली मुले बुडतात. भाच्याला आम्ही पाटीवर हिशेब मांडून दाखवला. घरखर्च २२ हजार. वीज, इंटरनेट, संगणकाची झीज ३ हजार. बुडीत आणि मंदीच्या महिन्यांसाठी ५ हजार. एकूण ३० हजार. महिन्यात कामाचे दिवस २५ धरले, तरी काम शोधणे, फोन, बिले, दुरुस्त्या यांत १० दिवस जातात. उरले १५. रोज १,००० शब्द चांगले केले तर १५ हजार शब्द. म्हणजे शब्दाला २ रुपये मिळाले तर घर चालते. तो ६० पैशांनी करीत होता! बीम बदलताना लूम बंद असते, तो वेळ कोणी भावात धरत नाही का? लेखकाचे रिकामे दिवसही भावात धरले पाहिजेत.

दोन रुपये देणारे गिऱ्हाईक लगेच मिळत नाही, हे खरे. आजकाल संगणकच अनुवाद करून देतो, त्यामुळे साध्या मजकुराचा भाव पडला आहे. पण कोर्टाचा कागद, औषधाची सूचना, शाळेचे पुस्तक, उर्दू दस्तऐवजाचे मराठी अशा कामात एक शब्द चुकला तर नुकसान होते, तिथे जाणकार माणूस लागतोच. भाच्याने आता साध्या पुस्तिका सोडून जुने उर्दू दस्तऐवज वाचण्याचे काम धरले आहे. शिकस्ता लिपी वाचणारे कमी उरले आहेत.

कागदाची गोष्ट थोडी सविस्तर सांगणे भाग आहे. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याच्या मजकुराचा पहिला मालक कायद्याने तो स्वतः असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सही असलेला लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून "सर्व हक्क कायमचे" असे छापलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी किंमत विचारा. ताका भाड्याने देणे आणि विकणे यांचा भाव एक नसतो. चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक आधार दिला. थिएटरबाहेर त्या लिखाणाचा वापर झाला तर रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा हक्क लेखकाला करारानेही सोडता येत नाही; तो फक्त वारसाला किंवा रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेला देता येतो. आणि अनुवाद करणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालू असतो. प्रेमचंद १९३६ मध्ये वारले, त्यांचे साहित्य आता मोकळे आहे. इब्ने सफींचे नाही.

वसुलीसाठी 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. एजंटाला पैसे देऊ नयेत. सेवा देणारा लहान व्यावसायिक यात येतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज कायद्याने देय होते, आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. व्याज घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण मुद्दल वसूल करण्यासाठी हा दरवाजा उघडा आहे. नोंदणी मात्र काम देण्याआधीची असावी. नंतर केली तर वाद उभा राहतो. (गंमत अशी की २०२१ पासून आम्हा कापड व्यापाऱ्यांनाही ही नोंदणी मिळते, पण थकबाकीचे हे संरक्षण मिळत नाही. कारखानदार आणि सेवा देणाऱ्यांनाच आहे.)

भाच्याची नोंदणी तेव्हा नव्हती. आम्ही स्वतः मुंबईला गेलो, दोनदा बाकावर बसून परत आलो, तिसऱ्यांदा १८ हजारांवर तोड झाली. सात महिन्यांनी. आपाला आम्ही पूर्ण रक्कम सांगितली नाही.

आता त्याच्याकडे लाल कापडाची एक चोपडी आहे. डाव्या पानावर ऑर्डर, तारीख, शब्द, भाव. उजव्या पानावर बिल आणि जमा. ऑर्डर फोनवर आली तरी तो भाव आणि मुदत लिहून गिऱ्हाइकाला पाठवतो आणि उत्तर आल्याशिवाय कामाला हात लावत नाही. नवीन गिऱ्हाइकाकडून तिसरा हिस्सा आगाऊ घेतो. मागच्या महिन्यात एकाने आगाऊ द्यायला नकार दिला, काम मोठे होते. भाच्याने आम्हाला विचारले. आम्ही म्हटले, "चोपडीचे उजवे पान बघ आणि तूच ठरव." त्याने ते काम घेतले नाही. दोन आठवडे हात रिकामे होते, त्या दिवसांत त्याने स्वतःच्या पुस्तकाची चाळीस पाने लिहिली. विषय आमच्याच गल्लीतल्या लूमवाल्यांचा आहे. प्रकाशक अजून मिळालेला नाही.