चरीचा शेतकरी संप

अलिबाग तालुक्यातील चरी हे गाव तसे लहान. जिल्हा तेव्हा कुलाबा, आताचा रायगड. याच जिल्ह्यातील महाडचा सत्याग्रह आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो, चरीचा संप मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

खोत हा सरकार व कूळ यांच्यामधला माणूस. शेतसारा वसूल करून सरकारजमा करणे हे त्याचे मूळ काम. परंतु व्यवहारात तोच गावचा मालक होऊन बसला. खाडीकाठची जमीन खारी. भरतीचे पाणी अडविण्यासाठी बांध घालायचा, तो राखायचा, चिखल तुडवून भात लावायचे, हे सारे कुळाने करायचे. पीक बुडाले तरी खंड माफ नाही. बाकी राहिली की त्यावर व्याज चढे. वेठबिगार निराळीच!

अखेर २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथे सभा होऊन संप पुकारण्यात आला. जमीन कसायचीच नाही, असे ठरले. आसपासची पंचवीस गावे त्यात उतरली. गिरणी कामगाराने संप केला की मालकाचा साचा थांबतो. शेतकऱ्याने केला की प्रथम त्याचीच चूल थांबते, हे येथे ध्यानात घ्यावे. लोकांनी डोंगरातील लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, रानमेव्यावर दिवस काढले. असे एक-दोन महिने नव्हे, १९३९ पर्यंत चालले.

डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात स्पृश्य कुणबी व अस्पृश्य कुळे एकत्र चालली, ही बाब लेखकास विधेयकाइतकीच मोलाची वाटते. विधेयक संमत झाले नाही. तथापि १९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आली, १९४८ चा कूळकायदा झाला व १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. मात्र ज्यांचे नाव कूळ म्हणून दप्तरी लागलेच नव्हते, त्या शेतमजुरांच्या हाती काही आले नाही.