घटक ७ : जुनी छायाचित्रे – संग्रह, लिलाव आणि नोंद

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• छायाचित्रणाच्या प्रारंभकाळातील प्रमुख प्रकार ओळखता येतील.
• जुन्या छायाचित्राची बाजारातील किंमत आणि त्याचे ऐतिहासिक मोल यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• लिलावाची पद्धती थोडक्यात सांगता येईल.
• आपल्या परिसरातील जुन्या छायाचित्राची शास्त्रशुद्ध नोंद मराठीत लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

खानदेशातील जुन्या वाड्यांत, माजघराच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत आजोबा-पणजोबांची छायाचित्रे टांगलेली असत. वाडा पाडून नवे घर बांधताना किंवा भावाभावांत वाटण्या होताना ही छायाचित्रे सहसा कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. चौकटीच्या लाकडाला काही दर मिळतो. आतला कागद रद्दीत जातो. त्यातील एखादे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या हाती पडले, तर ते मोठ्या शहरात पोहोचते आणि ‘अज्ञात मराठी गृहस्थ’ या मथळ्याखाली विकले जाते. ज्याचे नाव गल्लीतील प्रत्येकाला ठाऊक होते, तो माणूस दोन व्यवहारांत अज्ञात होतो.

मागील घटकांत आपण कागदपत्रे, शिलालेख व मौखिक परंपरा या स्थानिक इतिहासाच्या साधनांचा परिचय करून घेतला. छायाचित्र हेही असेच साधन आहे. मात्र ते स्वतःविषयी फार थोडे बोलते. ते कोणाचे, कोठले, केव्हाचे आणि कोणाकडे होते, हे शब्दांत लिहून ठेवावे लागते. हे लेखन कसे करावे, हा या घटकाचा मुख्य विषय आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ प्रारंभकाळातील प्रमुख प्रकार

छायाचित्रणाची पद्धती इ. स. १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली. संशोधक दागेर यांच्या नावावरून तिला दागेरोटाइप म्हणतात. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ही प्रतिमा उमटे. तो पत्रा आरशासारखा चकाकतो आणि तिरपा धरल्यास उजेड व छाया यांची अदलाबदल झालेली दिसते. दागेरोटाइपला निगेटिव्ह नसते, त्यामुळे प्रत्येक प्रतिमा एकमेव असते.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धती प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियनचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे आणि थर ओला आहे तोवरच चित्र घेऊन ते विकसित करावे लागे. म्हणून प्रवासी छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबू, रसायने, काचा आणि पाणी एवढा सरंजाम असे. खानदेशच्या उन्हाळ्यात थर लवकर वाळत असल्याने हे काम किती घाईचे होत असेल, याची कल्पना करता येते. या काचेवरून जी कागदी प्रत काढीत, ती बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर असे. तिला अल्ब्युमेन प्रत म्हणतात. हा कागद पातळ असतो, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला आढळतो. तिचा रंग तपकिरी असतो आणि उजळ भाग कालांतराने पिवळे पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिलेटिनच्या कागदाने तिची जागा घेतली. जिलेटिनच्या जुन्या प्रतीत गडद भागांवर निळसर रुपेरी झाक येते.

चित्र वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोलोडियनच्या काचेला निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा जवळजवळ जाणवत नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे येते आणि लाल पागोटे काळे दिसते. अशा चित्रावरून ‘काळे पागोटे घातलेले गृहस्थ’ असे लिहिणे धोक्याचे ठरते.

७.२.२ मुंबई, अजिंठा आणि भुसावळ

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील भास्कराचार्यांच्या घराण्याविषयीचा शिलालेख विद्वानांपुढे आणणारे डॉ. भाऊ दाजी लाड या सोसायटीशी संबंधित होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रे घेत. एल्फिन्स्टन संस्थेत लवकरच छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय व्यावसायिक पुढे आले.

खानदेशाच्या सीमेवरील अजिंठ्याच्या लेण्यांशी या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण जोडलेले आहे. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे खपून मोठमोठी तैलचित्रे केली. ती इंग्लंडला गेली, लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर १८६६ मधील आगीत मोजकी वगळता सर्व जळाली.

दरम्यान गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता. दोन डोळ्यांमधील अंतराइतक्या अंतरावरून घेतलेल्या जोडचित्रांतून खोलीचा भास देणाऱ्या स्टिरिओ पद्धतीचाही त्यांनी उपयोग केला. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी प्रसिद्ध केलेल्या शैलगृहांवरील पुस्तकात गिल यांची ७४ छायाचित्रे आहेत. एकाच काचेवरून अनेक प्रती निघाल्या, त्या वेगवेगळ्या ग्रंथालयांत पोहोचल्या आणि म्हणून टिकल्या. अर्थात छायाचित्रांत भित्तिचित्रांचे रंग नाहीत. जळालेल्या तैलचित्रांची हानी त्यांनी भरून निघाली नाही. तरी त्या काळातील लेण्यांची स्थिती आज आपल्याला त्यांतून पाहता येते. गिल यांचे १८७९ मध्ये निधन झाले. त्यांची कबर जळगाव जिल्ह्यात भुसावळ येथे आहे.

या चित्रांचा उपयोग होतो, कारण त्यांच्यासोबत स्थळ, छायाचित्रकार आणि विवेचन छापलेले आहे. अशा पुस्तकातील पाने सुटी करून विकली, की पान राहते आणि विवेचन हरवते.

७.२.३ लिलावाची पद्धती

बाजार समितीतील लिलाव आपल्या परिचयाचा आहे. तेथे माल समोर असतो, प्रत हातात घेऊन पाहता येते आणि त्या दिवसाच्या आवकेवर भाव ठरतो. छायाचित्रांच्या लिलावातही बोली लागते, परंतु बरेच खरेदीदार दूर असतात आणि ते सूचीतील वर्णनावर विसंबून बोली लावतात. प्रत्येक वस्तूला किंवा वस्तुसमूहाला क्रमांक देतात. अंदाजित किंमत छापतात. विक्रेत्याशी ठरलेली राखीव किंमत मात्र गुप्त असते. बोली तेथवर न गेल्यास वस्तू विकली जात नाही. हातोडा पडल्यावर जी रक्कम ठरते, तिच्यावर खरेदीदाराला संस्थेचे अधिमूल्य द्यावे लागते.

किंमत ठरविणारे घटक साधारणपणे पाच आहेत : छायाचित्रकार, विषय, दुर्मीळता, प्रतीची स्थिती आणि वस्तूची मालकी-परंपरा. यांतील शेवटचा घटक पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. जोसेफ फिलिबेर जिरो द प्रांजे या फ्रेंच अभ्यासकाने १८४२ मध्ये अथेन्स येथे घेतलेला एक दागेरोटाइप २००३ मध्ये लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. तो एकमेव आणि अत्यंत जुना होता, हे खरेच. पण या अभ्यासकाने आपल्या चित्रांवर स्थळाची नोंद केली होती आणि संग्रह जपून ठेवला होता, हेही तितकेच खरे आहे. नोंद नसती, तर स्थळ शोधण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

संग्राहकाचे कार्य केवळ व्यापारी असते, असे मानणे योग्य नाही. पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी भारतीय उपखंडातील जुन्या छायाचित्रांचा विशाल संग्रह उभा केला. दिल्ली येथील त्यांच्या प्रतिष्ठानाने तो अभ्यासकांपुढे आणला, त्यावर ग्रंथ काढले. विखुरलेली वस्तू जाणकाराने विकत घेतल्यामुळेच कधी कधी वाचते. प्रश्न असतो तो विकत घेतल्यानंतर माहिती एकत्र राहते की नाही, हा.

कायद्याचीही जाण हवी. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलासंपत्तीविषयक केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंचा समावेश होतो. अशा वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो.

७.२.४ नाव नसलेली माणसे

१८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ सरकारच्या पुढाकाराने निघाला. त्यात भारतातील जातीजमातींची छायाचित्रे आहेत. बहुतेक चित्रांखाली व्यक्तीचे नाव नसून समूहाचे नाव आहे. माणूस हा ‘नमुना’ म्हणून उभा केला होता. धुळे, नंदुरबार, जळगाव भागातील आदिवासी समाजाची जी जुनी चित्रे आज बाजारात येतात, त्यांच्याकडे पाहताना हा इतिहास लक्षात घ्यावा. नोंद करताना त्या समाजातील वडीलधाऱ्यांना चित्र दाखवून विचारावे. दागिना, वस्त्र, वाद्य यांची नावे त्यांच्या बोलीत लिहून घ्यावीत. व्यक्ती ओळखली गेल्यास नाव आवर्जून नोंदवावे. न ओळखली गेल्यास ‘नाव ज्ञात नाही’ एवढेच लिहावे आणि जुन्या सूचीतील अपमानकारक विशेषणे आपल्या वर्णनात उतरवू नयेत.

७.२.५ नोंद कशी लिहावी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली व छापली. त्यांचे निधन १९२६ मध्ये धुळे येथे झाले आणि पुढील वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. कागद कोठे व कोणाकडे मिळाला, हे सांगण्याची त्यांची शिस्त छायाचित्रालाही लागू करता येते.

प्रथम चित्राच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. मागील मजकूर अनेकदा काळ सांगतो. उदाहरणार्थ, खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पुठ्ठ्यावर ‘पूर्व खानदेश’ असे छापलेले असेल, तर तो पुठ्ठा त्यानंतरचा आहे. राजा दीनदयाळ यांच्या मुंबईतील स्टुडिओचे नाव असेल, तर चित्र १८९६ च्या आधीचे नसावे. आकारही मोजावा : सुमारे अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा ‘कार्त द व्हिजित’ या प्रकाराचा, तर सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा ‘कॅबिनेट’ प्रकाराचा असतो. भिंगातून बारीक ठिपके दिसल्यास ते मूळ छायाचित्र नसून छापील चित्र असते.

आता एकाच कल्पित चित्राच्या दोन नोंदी पाहू.

पहिली नोंद : “अत्यंत दुर्मीळ! खानदेशी जहागीरदाराचे राजेशाही छायाचित्र, सुमारे १८७०.”

दुसरी नोंद : “पुरुष, वय अंदाजे चाळीस, खुर्चीवर बसलेला, डोक्यास पागोटे, हातात काठी. मागे रंगविलेला पडदा. जिलेटिन प्रत, कॅबिनेट पुठ्ठा. खालचा उजवा कोपरा तुटलेला. मागे छापील मजकूर : ‘जळगाव, पूर्व खानदेश’. काळ : १९०६ नंतरचा (पुठ्ठ्यावरून). हे आपले पणजोबा व ते पाटील होते, असे सध्याच्या मालकांनी सांगितले. कागदोपत्री आधार पाहिलेला नाही. चित्र घराण्याकडेच आहे. नोंदीची तारीख व नोंद करणाऱ्याचे नाव.”

पहिल्या नोंदीत विशेषणे आहेत, आधार नाहीत. आणि तिचा काळ पुठ्ठ्यावरील मजकुराशी विसंगत आहे. दुसरीत पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमान केलेले ही तीन अंगे वेगवेगळी ठेवली आहेत. हेच चांगल्या नोंदलेखनाचे लक्षण होय.

चित्र हाताळताना कडा धराव्यात. ओल्या फडक्याने पुसू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. पुठ्ठ्यावर शाईने लिहू नये. मऊ पेन्सिलने क्रमांक घालून सविस्तर नोंद वहीत करावी. पावसाळ्यातील दमट हवेपासून आणि थेट उन्हापासून चित्र दूर ठेवावे. अल्बम असल्यास पाने सुटी करण्यापूर्वी पूर्ण अल्बमचा क्रम टिपावा, कारण कोणाशेजारी कोणाचे चित्र लावले होते, हीसुद्धा माहितीच असते.

संग्रह एकत्र राहिल्याने काय साधते, हे चाळीसगाव येथे पाहता येते. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) हे प्रारंभकाळातील नव्हेत. परंतु त्यांची छायाचित्रे आणि त्यांनी जमविलेल्या कलावस्तू रेल्वे स्थानकाजवळील त्यांच्याच घरात जतन झाल्या आहेत. त्यामुळे चित्र आणि ते घडविणाऱ्याचे जग एकत्र अभ्यासता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दागेरोटाइपच्या प्रती का निघत नाहीत?
२. ‘पूर्व खानदेश’ या मजकुरावरून काळाविषयी कोणते अनुमान निघते?
३. राखीव किंमत म्हणजे काय?

(उत्तरे : १. त्याला निगेटिव्ह नसते. पत्र्यावरील प्रतिमा एकमेव असते. २. पुठ्ठा १९०६ नंतरचा आहे. ३. जिच्याखाली वस्तू विकायची नाही, अशी विक्रेत्याशी आधी ठरलेली किंमत.)

७.३ सारांश

जुन्या छायाचित्राला बाजारात किंमत येते ती छायाचित्रकार, विषय, दुर्मीळता, स्थिती व मालकी-परंपरा यांमुळे. त्याचे ऐतिहासिक मोल मुख्यतः त्याच्याविषयीच्या खात्रीशीर माहितीवर अवलंबून असते. चित्र घरात ठेवावे, संस्थेला द्यावे की विकावे, हा मालकाचा निर्णय आहे. मात्र कोणत्याही निर्णयापूर्वी दोन्ही बाजूंची प्रतिमा घेणे व नोंद लिहिणे आवश्यक आहे. घरातील ज्येष्ठ व्यक्तीला आठवते तोवरच यांतील बरीच माहिती मिळू शकते. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

७.४ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘गिल यांची तैलचित्रे जळाली, छायाचित्रे टिकली’ या घटनेतून संग्रहाविषयी कोणते निष्कर्ष निघतात, ते लिहा.
२. बाजार समितीतील लिलाव व छायाचित्रांचा लिलाव यांची तुलना करा.
३. लिलावसूचीची भाषा आणि अभ्यासनोंदीची भाषा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.

७.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारातील पन्नास वर्षांहून जुने एक छायाचित्र निवडा. मालकाच्या परवानगीने त्याच्या दोन्ही बाजू पाहा. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीशी बोलून, पाहिलेले, ऐकलेले आणि अनुमानित असे तीन भाग करून सुमारे १५० शब्दांची नोंद लिहा. नोंदीची एक प्रत त्या घरी द्या.