गर्भारपणाचे पहिले बारा आठवडे

पाळी चुकली तरी तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही, अशी रीत आपल्याकडे अजून अनेक घरांत पाळली जाते. नजर लागू नये, गर्भ टिकला नाही तर चर्चा होऊ नये, ही त्यामागची भावना. ती समजण्यासारखी आहे. परंतु याच तीन महिन्यांत बाळाचे मुख्य अवयव घडतात. म्हणून या पाठात आपण पहिल्या बारा आठवड्यांचाच विचार करू.

दिवस कसे मोजावेत

गर्भाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या तारखेत नऊ महिने व सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख मिळते. समजा, शेवटची पाळी २० ऑक्टोबरला आली. तर बाळंतपणाची तारीख २७ जुलैच्या सुमारास येते. पुढची पाळी १७ नोव्हेंबरच्या आसपास चुकेल. १ डिसेंबरला सहा आठवडे व १२ जानेवारीला बारा आठवडे पूर्ण होतील.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. भूम, कळंब, वाशी भागातील ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. म्हणजे पाळी चुकल्याचे कळते तेव्हा बाई गावात नसते, उसाच्या फडात असते. ओळखीची आशाताई मागे राहते आणि डोक्यावर मोळी असते.

शरीरात काय जाणवते

मळमळ, कोरड्या उलट्या, अंग गळून जाणे, छाती जड होणे, वारंवार लघवीला जावे लागणे, वासाची किळस येणे ही नेहमीची लक्षणे होत. ती सर्वांना सारखी नसतात, काहींना जवळजवळ होतच नाहीत. बहुधा चौथ्या महिन्यात त्रास उतरतो. सकाळी उठल्याबरोबर कोरडी भाकरी किंवा मूठभर फुटाणे खावेत. एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे खावे. माती किंवा खडू खावासा वाटला तर ते केवळ डोहाळे समजू नयेत; रक्तात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय.

काय घ्यावे, काय टाळावे

बाळाचा मेंदू व मणका ज्या नळीपासून बनतो ती सहाव्या आठवड्याच्या सुमारासच बंद होते. तिच्यासाठी फॉलिक अॅसिड लागते. म्हणून मूल हवे असे ठरले की आधीपासूनच व पहिले तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. लोहाच्या गोळ्या सामान्यतः चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. आहारात भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, जमल्यास अंडी असावीत. वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये. मिश्री व तंबाखू पूर्ण बंद करावी. दुकानातून मनाने कोणतीही गोळी घेऊ नये. गर्भ नको असेल तरीही नाही. १९७१ च्या कायद्याने त्यासाठी अधिकृत डॉक्टरकडे जाता येते.

ताबडतोब दवाखाना केव्हा

अंगावरून रक्त जाणे, ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ येणे, भोवळ येऊन पडणे, पाणीही पोटात न ठरणे, ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नये. १०८ वर फोन करावा. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवाला धोका असतो.

कळून आलेल्या गर्भांपैकी शेकडा दहा ते वीस गर्भ टिकत नाहीत. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भात बहुधा बीजातीलच दोष असतो. त्यासाठी सुनेला बोल लावणे अज्ञानाचे आहे.

नोंदणी

आशाताईकडे 'निश्चय' ही लघवी तपासणीची पट्टी मोफत मिळते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवून पहिली तपासणी करावी व माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. कारखान्याकडे जाताना ते कपड्यांच्या गाठोड्यात आठवणीने बांधावे; ते दाखवले की तिथल्या आरोग्य केंद्राला आधीच्या तपासण्या कळतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. त्यासाठीही वेळेवर नोंदणी लागते.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी व नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे १९६१ चा कायदा झाला, २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्यावर गेलेल्या बाईच्या पदरात ती रजा पडत नाही. हा हक्क मिळेपर्यंत लढावे लागेल. तोवर निदान तिची मोळी हलकी करणे नवऱ्याच्या हातात आहे. आणि गावात असताना तिची नोंदणी करून देणे तुम्हा-आम्हा शिकलेल्यांच्या हातात आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तीन महिने सांगू नका, हरकत नाही. आशाताईला मात्र पहिल्याच आठवड्यात सांगा.