नाल्यातली साखर मोजणारी नोकरी

"केमिस्ट्रीत एवढे चांगले मार्क, आणि ही म्हणते सांडपाण्यात करिअर करते!" साखर पट्ट्यातले एक वडील परवा माझ्यासमोर हताश होऊन बसले होते. मुलगी मात्र ठाम. कारखान्याचे अधिकारी आणि सरकारी निरीक्षक यांना प्रदूषण मुळातच कसं कमी करायचं ते तिला शिकवायचं होतं. असं काम असतं तरी का, हा वडिलांचा प्रश्न.

असतं. मांजरीची वसंतदादा साखर संस्था कारखान्यांतल्या लोकांना प्रशिक्षण देते. हैदराबादच्या ईपीटीआरआय या संस्थेच्या तर नावातच पर्यावरण संरक्षणाचं प्रशिक्षण आहे. खासगी सल्लागारही हे काम करतात.

आता शिकवायचं काय? मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, उरतो. त्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे लाख मिलिग्रॅमच्या घरात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा 250. म्हणूनच डिस्टिलरीनं तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून खत करायचं, बाहेर सोडायचा नाही. हे गणित सगळ्यांना पाठ असतं. तरी हंगामात नदीतले मासे मरतातच.

कारण ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा, केमिस्ट बिचारा शेवटच्या टोकाला उभा असतो. वर पॅनमधून रस उतू गेला, फरशी पाइपनं धुतली, सफाईचा कॉस्टिक एकदम सोडला, की टाकीतले घाण खाणारे जिवाणू मरतात. वीजबिल वाचवायला रात्री टाकीत हवा घालणारा एरेटर बंद केला तरी तेच. सीओडी हा शब्द ऐकला की प्रॉडक्शन मॅनेजर घड्याळ बघतो. त्याला सांगायचं: साहेब, नाल्यात गेलेली एक किलो साखर म्हणजे सुमारे 1.1 किलो सीओडी. तुमच्या नाल्यातून रोज किती पोती जातात, मोजू या? मग तो खुर्ची पुढे ओढतो. खरी विद्या ही, आणि ती पुस्तकात कमीच सापडते.

निरीक्षकांचा वर्ग वेगळा. 1974 च्या जल कायद्यानुसार नमुना तपासायला पाठवणार असल्याची नोटीस द्यायची, कारखानदाराच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करून सह्या घ्यायच्या. यातलं काही चुकलं तर कोर्टात त्या बाटलीला किंमत नाही. आणि ईटीपीचा वीजमीटर आधी वाचायचा. पाण्यापेक्षा तो जास्त खरं बोलतो, असं माझं मत.

शिक्षणाची वाट सरळ आहे. केमिकल किंवा पर्यावरण अभियांत्रिकी, नाहीतर रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी. प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकाऱ्याची पदं स्पर्धेतून भरतात, पण त्या जाहिरातीची वाट बघत वर्षं घालवू नयेत. पदवीनंतर लगेच प्रशिक्षक होता येईल या भ्रमातही राहू नका. चार-पाच हंगाम रात्रपाळी केल्याशिवाय चीफ इंजिनिअर तुमचं ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या चुलतभावाच्या पगाराशी तोलाल तर वाईट वाटेल.

वडिलांना मी एवढंच सुचवलं: दिवाळीनंतर गळीत सुरू झालं की ओळखीच्या कारखान्यात परवानगी काढा आणि तिला आठवडाभर ईटीपीवर उभी करा. नाकाला रुमाल न लावता.

"मीही जाऊ का तिच्याबरोबर?" त्यांनी विचारलं. मुलगी पहिल्यांदाच हसली.