शून्य दिसलं की थांबा

डेक कंपनीचा पीडीपी-८ हा मिनीकॉम्प्युटर १९६५ चा. १२ बिटांचे वर्ड, मूळ मेमरी ४०९६ वर्डांची, मूलभूत इन्स्ट्रक्शन्स जेमतेम आठ. मूळ लिखाण हरवलेलं आणि हाती फक्त पेपर टेपवरचे ऑक्टल आकडे, अशा प्रोग्रॅमांची असेंब्ली पुन्हा लिहून काढताना जे शिकलो ते असं:

१. आकडा स्वतःहून काही सांगत नाही. त्याच्यापाशी कोण पोहोचतं ते बघा. ७७७० हा आकडा डिसअसेम्बलर इमानेइतबारे 'एसपीए एसएनए एसझेडएल सीएलए' असा छापतो. इन्स्ट्रक्शन म्हणून त्यात काहीच खोट नाही. पण प्रोग्रॅम चालत चालत तिथवर कधी येतच नसेल आणि एखादी टीएडी तिथला आकडा उचलून नेत असेल, तर तो उणे आठ आहे: आठ फेऱ्या मोजायला ठेवलेला.

२. शून्य दिसलं की थांबा. या मशीनला स्टॅक नाही. जेएमएस परतीचा पत्ता सबरूटीनच्या पहिल्याच वर्डात ठेवते, म्हणून टेपवर ती जागा बहुधा ०००० असते आणि डिसअसेम्बलर तिला 'अँड' म्हणतो. ०३०० पासून हे वाचा: ००००, ६०४१, ५३०१, ६०४६, ७२००, ५७००. टेलिटाइप तयार आहे का? नसेल तर पुन्हा विचार. असेल तर अक्षर पाठव, अ‍ॅक्युम्युलेटर पूस, आणि ०३०० मध्ये जपलेल्या पत्त्यावर परत जा. अक्षर छापायचं अख्खं सबरूटीन सहा वर्डांत! मला ते आजही फार देखणं वाटतं. मग त्याच १२८ वर्डांच्या पानावर ४३०० शोधा, छपाईच्या जागा उघड होतात. दुसऱ्या पानांवर ०३०० हा पत्ता कुठे साठवलाय ते बघावं लागतं.

३. जेएमएसच्या पुढे इन्स्ट्रक्शनच असेल असं धरू नका. १००५, १४१४, १७०० या ओळीने तीन टीएडी दिसतात; मधली तर ऑटोइंडेक्स वापरणारी, अगदी पटण्यासारखी. सहा-सहा बिटांत फोडा: एच, ई, एल, एल, ओ आणि शेवटी शून्य. छापायचा मजकूर असा कॉलच्या मागोमाग ठेवलेला सापडतो.

४. स्किपनंतरच्या दोन्ही वाटा चालून बघा. आयएसझेड हीसुद्धा स्किपच.

५. पुन्हा असेंबल केलेलं मूळ टेपशी जुळलं, तर एवढंच कळतं की आकडे नीट उतरले. पानात जागा असेल तिथे मधेच एक एनओपी घाला, पुढचं सगळं एका घरानं सरकू द्या आणि प्रोग्रॅम चालवा. लेबल न देता नुसता आकडा म्हणून सोडलेला पत्ता असेल, तर प्रोग्रॅम तिथे भरकटतो.