जुनं वायरिंग आणि छताचा नवा दिवा

प्रश्न : आमचं घर साठ वर्षांचं आहे. लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे. छताचा जुना होल्डर काढून धातूचा एलईडी दिवा मी स्वतः बसवू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : फक्त बटण बंद करून होल्डरला हात लावू नका. जुन्या घरांत कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. मग दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात. म्हणून मेन स्विच बंद करा आणि कोणी चालू करू नये म्हणून तिथे एक माणूस उभा ठेवा. टेस्टर मेन बंद करण्याआधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्या, मगच होल्डरच्या दोन्ही वायरींना लावा. शिडी लाकडी आणि कोरडी हवी.

आता वायर नीट पाहा. जुन्या वायरींवरचं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतं आणि वाकवताच भुगा होऊन पडतं. तसं दिसलं तर तिथेच थांबा. वरून टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे. ती वायर बदलायलाच हवी.

दिवा धातूचा असल्यामुळे अर्थिंग आवश्यक आहे. छतापर्यंत अर्थिंगची वायर नसेल, तर दुहेरी इन्सुलेशनचा, म्हणजे चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दिवा घ्या.

परवानाधारक वायरमनकडून एकदा सगळं तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. दिव्यापेक्षा ती जास्त गरजेची आहे.